भाऊ म्हणतो "नुसती वाफ आहे", ती वाफ नक्की असते कसली?

पत्र : डॉक्टर, मी 27 वर्षांची आहे, ठाण्यात असते. माझा लहान भाऊ 19 वर्षांचा, पुण्यात होस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करतोय, सेकंड इयर. गणपतीत घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेच्या बाजूला एक रंगीत डबीसारखं काहीतरी चार्जिंगला लावलेलं दिसलं, मला पॉवर बँक वाटली, उचललं तर आंब्याचा गोड वास. वेप होतं, म्हणजे ई-सिगारेट. बॉक्सवर 5000 पफ आणि 5% असं लिहिलंय. विचारलं तर म्हणाला, "ताई, सिगारेट नाहीये ही, नुसती फ्लेवरवाली वाफ आहे, इंग्लंडमधले डॉक्टर स्वतः लोकांना वेप घ्या म्हणून सांगतात, गूगल कर." त्याने आयुष्यात सिगारेट कधी ओढलेली नाही हे मला माहितेय. पण घरी असताना सारखा चिडत होता, दर थोड्या वेळाने गच्चीवर जायचा, पाण्याची बाटली सतत हातात, आणि आधी फुटबॉल खेळणारा मुलगा आता जिने चढला की खोकतो. म्हणतो याने स्ट्रेस कमी होतो. खरंच किती वाईट आहे हे? आई-बाबांना सांगू का? पोलिसांचं काही लफडं होईल का? — भावाची काळजी लागलेली ताई

उत्तर :

अगं, आधी एक सांगते, तू त्याच्यावर ओरडली नाहीस, सरळ विचारलंस, आणि त्यानेही लपवाछपवी न करता उत्तर दिलं, हे फार चांगलं झालं. ही बोलण्याची वाट उघडी राहिली पाहिजे कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. म्हणून मी तुला जे खरं आहे तेवढंच सांगणार, त्याला घाबरवायला म्हणून वाढवून काही सांगणार नाही आणि तूही सांगू नकोस, आजची मुलं दोन मिनिटांत फोनवर चेक करतात आणि एक गोष्ट जरी चुकीची निघाली ना, की बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टी पण "ताईचं काहीतरीच" म्हणून सोडून देतात.

"नुसती वाफ" इथूनच सुरू करू. वाफ म्हटलं की आपल्याला सर्दीत घेतो ती पाण्याची वाफ आठवते, इथे पाणी जवळजवळ नसतंच. त्या डबीत एक छोटी धातूची कॉइल असते, तिच्याभोवती कापसासारखी वात, ती वात एका चिकट द्रवात भिजलेली. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवरची रसायनं आणि निकोटिन. ओढलं की बॅटरी कॉइल तापवते, द्रवाचे अगदी बारीक थेंब होतात आणि तेच थेंब छातीत खोल जातात. आता कढईत तेल जास्त तापलं की जो डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा धूर निघतो, त्यात अॅक्रोलिन नावाचा पदार्थ असतो, ग्लिसरीन जास्त तापलं की तोच तयार होतो. सोबत फॉर्माल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड, आणि कॉइलमधून निकेल, क्रोमियम, कधी शिसं पण. द्रव संपत आला की वात कोरडी पडते आणि जळका, घसा खरवडणारा पफ येतो, मुलांना तो चांगला ओळखू येतो, त्याला विचार, आलाय का कधी असा. त्या वेळी हे सगळं प्रकरण सगळ्यात जास्त तयार होतं.

फ्लेवरबद्दल पण एक आहे. आंबा, ब्लूबेरी, मिंट, यातले बरेचसे पदार्थ खायला सेफ म्हणून मान्य झालेले असतात आणि बॉक्सवाले तेच छातीठोकपणे सांगतात. पण खाणं वेगळं आणि हुंगणं वेगळं गं. पोटात गेलेली गोष्ट लिव्हरमधून जाते, फुफ्फुसाला असली काही सोय नाही. डायअॅसिटिल नावाचा बटरच्या चवीचा पदार्थ पॉपकॉर्नवर बिनधास्त खाल्ला जायचा, पण अमेरिकेत मिसुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यात जे कामगार त्याची वाफ रोज श्वासातून घेत होते त्यांच्या श्वासनळ्या कायमच्या आखडल्या, 2000 साली ते उघडकीला आलं. आता रीलवाले याच्यावरून "वेपने पॉपकॉर्न लंग होतो" असं बेधडक सांगतात, तसं ते नाहीये, वेपमुळे तो आजार सर्रास झाल्याचा पुरावा नाही, त्यामुळे ते भावाला सांगू नकोस. सांगायचंच तर एवढं सांग की खायला चालतं ते ओढायला चालतंच असं नाही.

मग इंग्लंड. भाऊ खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धंच सांगतोय. तिकडे जे मोठे लोक सिगारेट ओढतात त्यांना ती सोडायला म्हणून सिगारेटच्या ऐवजी वेप घ्या असं तिथली आरोग्यसेवा खरंच सांगते. कारण सिगारेटमध्ये तंबाखू जळतो, त्यातून टार आणि कार्बन मोनॉक्साइड येतं, वेपमध्ये जळणं नाही, म्हणून सिगारेटपेक्षा नुकसान कमी, आणि सिगारेट सुटायला त्याची मदत होते असे चांगले अभ्यासही आहेत. हे मी मान्य करते. पण तेच इंग्लंडमधले डॉक्टर हेही सांगतात की जो सिगारेट ओढत नाही त्याने वेप सुरू करू नये, आणि लहान वयात तर नाहीच. तुझ्या भावाने सिगारेट कधी ओढलीच नाही, म्हणजे तो मोठ्या खड्ड्यातून लहान खड्ड्यात आलेला नाही, सपाट रस्त्यावरून थेट खड्ड्यात गेलाय. त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी करायचीच नाही, स्वच्छ हवेशी करायची.

आणि त्या बॉक्सवरचे आकडे बघ जरा, तुम्ही दोघं मिळून बघा, तो इंजिनिअरिंगचा मुलगा आहे, त्याला हिशोब पटेल. 5% म्हणजे एका मिलीला 50 मिलिग्रॅम निकोटिन. ब्रिटनमध्ये कायद्याने 20 च्या वर जाता येत नाही, आणि टाकी जास्तीत जास्त 2 मिलीची, म्हणजे एका भरणीत फार तर 40 मिलिग्रॅम. 5000 पफच्या डबीत साधारण 10 मिली किंवा त्याहून जास्त द्रव असतो, 50 ने गुण, 500 मिलिग्रॅम. सगळंच काही रक्तात जात नाही पण एका सिगारेटमधून अंगात जेमतेम 1 ते 1.5 मिलिग्रॅम जातं हे लक्षात घे म्हणजे ही डबी काय आहे ते कळेल. ज्या इंग्लंडचं नाव तो घेतो तिथे ही डबी दुकानात ठेवताच आली नसती. शिवाय तिथे एकदा वापरून फेकायची वेप्स 1 जून 2025 पासून विकायलाच बंदी आहे.

इतकं निकोटिन सिगारेटमधून कोणी ओढायला गेलं तर घसा जळेल, ठसका लागेल, माणूस आपोआप थांबेल. वेपमध्ये निकोटिन सॉल्ट वापरतात, म्हणजे त्यात बेंझॉइक अॅसिडसारखं आम्ल घातलं की घशाला लागणारा तिखटपणा जातो, वरून मेंथॉलचा गारवा, मग कितीही ओढा, काही टोचत नाही. सिगारेट संपते तेव्हा विझवावी तरी लागते, हे संपतच नाही, अभ्यास करता करता, बेडवर, बाथरूममध्ये, एक पफ, अजून एक पफ. किती झालं ते त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

आता स्ट्रेसचं. हा भाग नीट वाच कारण सगळी मुलं इथेच फसतात आणि मला त्यांचं खरंच वाईट वाटतं. निकोटिन ओढल्यावर काही सेकंदात मेंदूत पोचतं, बरं वाटतं. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं होतं, आणि मेंदू तोवर त्याची सवय लावून बसलेला असतो, मग अस्वस्थ वाटायला लागतं, चिडचिड, लक्ष लागत नाही, हात शिवशिवतात. परत ओढलं की शांत. मुलाला वाटतं अभ्यासाचा स्ट्रेस वेपने गेला. प्रत्यक्षात जो गेला तो मागच्या पफने तयार केलेला होता. घरी तुझा भाऊ जो चिडत होता ना, तो तुमच्यावर नव्हता चिडत. दर थोड्या वेळाने गच्ची, याचा अर्थ पण हाच. त्याला एकच विचार, सकाळी उठल्यावर पहिला पफ किती वेळात लागतो. दात घासायच्या आधी लागत असेल तर अंगाला सवय पक्की झाली आहे असं समज. आणि 19 म्हणजे मेंदू अजून घडतोय, लक्ष, संयम, निर्णय हे सांभाळणारा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, म्हणून या वयात व्यसन लवकर लागतं आणि घट्ट बसतं.

तू लिहिलेल्या खुणांकडे येते. पाण्याची बाटली, कारण प्रोपिलीन ग्लायकॉल ओलावा ओढून घेतं, तोंड-घसा कोरडा पडतो, लाळ कमी झाली की हिरड्या आणि दातांचंही वाट्टोळं व्हायला लागतं. जिन्यावरचा खोकला, कारण श्वासनळ्यांना आतून सूज येते, लहानपणी दमा किंवा बालदमा असेल तर तो परत डोकं वर काढतो (होता का त्याला? तू लिहिलं नाहीस). निकोटिनने नाडी आणि बीपी वाढतं, छातीत धडधड होते, रात्री उशिरा ओढलं तर झोप उडते. एकदम जास्त ओढलं तर मळमळ, चक्कर, डोकं गरगर, घाम. वीस-तीस वर्षांनी काय होतं हे सांगण्याइतकी वर्षं अजून झालेलीच नाहीत, हे यंत्र चीनमध्ये 2003 च्या सुमारास आलं आणि बाहेर पसरलं त्याच्यानंतर. सिगारेटने कॅन्सर होतो हे कळायलाही कित्येक दशकं गेली होती. म्हणून "अजून काही सिद्ध झालं नाही" असं म्हणाला तर विचार, तुझ्या फुफ्फुसावर सिद्ध करून दाखवायचंय का.

एक गोष्ट मात्र त्याला कशीही करून सांगच. 2019 मध्ये अमेरिकेत वेप करणाऱ्या तरुण, धडधाकट मुलांची फुफ्फुसं अचानक निकामी व्हायला लागली, फेब्रुवारी 2020 पर्यंत 2807 जण अॅडमिट झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली आणि त्यात 68 मृत्यू. बहुतेकांनी गांजातला अर्क भरलेली काळ्या बाजारातली कार्ट्रिज वापरली होती आणि त्यात द्रव दाट दिसावा म्हणून व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेलं होतं. नुसत्या निकोटिनच्या वेपने ते झालं असं मी म्हणत नाही. पण काळ्या बाजारातली हा शब्द बघ. आपल्याकडे वेप विकायलाच बंदी आहे, म्हणजे भारतात जे मिळतं ते सगळंच काळ्या बाजारातलं. टपरीवाल्याने काउंटरखालून दिलेलं असो की इन्स्टावरून मागवलेलं, आत काय भरलंय हे तपासणारं कोणीही नाही, बॉक्सवर छापलंय ते खरं धरायलाही आधार नाही. परदेशात "शून्य निकोटिन" लिहिलेल्या बाटल्या तपासल्या तर त्यात निकोटिन सापडलंय. इंग्लंडमध्येच शाळेतल्या मुलांकडून जप्त केलेल्या वेप्स बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासल्या तर काहींमध्ये स्पाइस, म्हणजे कृत्रिम गांजासारखी घातक नशा निघाली, मुलांना पत्ताही नव्हता. त्यामुळे मित्राने दिलेला पफ ओढायचा नाही, हे सोडेपर्यंतसुद्धा नाही.

आणि याला जोडूनच, डॉक्टरकडे गेल्यावर काय बोलायचं ते. मी छातीची डॉक्टर आहे, मुलगा येतो, ताप, खोकला, धाप. सोबत आई. आम्ही विचारतो सिगारेट ओढतोस का, तो म्हणतो नाही, आणि खरंच नाही ओढत, आईच्या चेहऱ्यावर समाधान. वेपचं कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. त्या अमेरिकेतल्या आजारात एक्सरे न्यूमोनियासारखाच दिसायचा, कित्येकांना उलट्या-जुलाब आधी सुरू झाले म्हणून पोटाची औषधं चालू राहिली. म्हणून त्याला सांग, धाप लागली, छातीत दुखलं, ताप आणि खोकल्यासोबत उलट्या झाल्या, किंवा उंच-सडपातळ असेल आणि एका बाजूला अचानक जोरात कळ येऊन श्वास अडकला, तर वाट न बघता हॉस्पिटलला जायचं आणि पहिल्या वाक्यात सांगायचं की मी वेप करतो. आईला बाहेर थांबायला सांगा म्हटलं तरी चालतं, तो 19 चा आहे, त्याचा हक्क आहे.

पोलिसांचं विचारलंस. 2019 चा केंद्राचा कायदा आहे, ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं सगळं गुन्हा. पहिल्यांदा सापडलं तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलं तर 3 वर्षांपर्यंत आणि 5 लाखांपर्यंत. साठा करून ठेवला तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याचा मुख्य रोख विकणाऱ्यांवर आहे, पण होस्टेलवर काय होतं तर एकजण पाच-सहा मुलांचे पैसे गोळा करून एकदम मागवतो आणि वाटतो, त्याला वाटतं आपण मित्रांचं काम केलं. असलं काही तुझा भाऊ करत असेल तर आजच बंद करायला सांग, तो सरळ विकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. कॉलेजची कारवाई वेगळी.

सोडायचं कसं यावर जरा जास्त लिहिते कारण खरी मदत इथेच लागते. "फेकून दे ते" असं म्हणून सुटत नाही, फेकेल आणि तिसऱ्या दिवशी नवीन आणेल, कारण पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, डोकं दुखतं, झोप नाही, भूक खूप लागते, कोणाशी बोलू नये वाटतं. नंतर उतार पडतो, दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं. म्हणून तारीख त्याला ठरवू दे, सबमिशन किंवा परीक्षेच्या आठवड्यात नको. त्या तारखेच्या आत नॅशनल टोबॅको क्विटलाइनला फोन करायला सांग, 1800-11-2356, टोल फ्री आहे, मराठीत बोलता येतं, ते लेक्चर देत नाहीत, तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारतात. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही या सेवेचं केंद्र आहे.

निकोटिनचं च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळतं, पण किती मिलिग्रॅमचं आणि दिवसाला किती हे डॉक्टरांना विचारून. आणि ते साध्या च्युइंगगमसारखं चघळायचं नसतं, नव्वद टक्के मुलं तेच करतात आणि मग "मळमळलं, उचकी लागली, फालतू आहे" म्हणून टाकून देतात. हळू चावायचं, तिखट-झणझणीत चव आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-कोल्ड्रिंक नको, नाहीतर निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. याने नाही भागलं तर व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे, अमेरिकेत 16 ते 25 वयाच्या वेप करणाऱ्यांवर तिचा अभ्यास झाला, 2025 मध्ये छापून आला, समुपदेशनासोबत गोळी घेतलेल्यांत सोडणारे बरेच जास्त निघाले. पण ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, छातीच्या किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरकडेच जायचं.

आणि रूममेट. रूममध्ये अजून कोणी ओढत असेल तर सोडणं फार अवघड जातं, शक्य असेल तर दोघांनी एकत्र सोडू दे. एकदा परत ओढलं गेलं म्हणून सगळं संपलं असं नाही, दुसऱ्या दिवशी परत चालू करायचं. तू रोज "ओढलंस का?" विचारू नकोस हं, ते पोलिसी वाटतं. फुटबॉलला गेलास का ते विचार.

आई-बाबांचं म्हणशील तर माझं मत आत्ता लगेच नको. त्याला सांग, मी तुझ्याशिवाय त्यांना सांगणार नाही, पण तू डॉक्टरला दाखव आणि तारीख ठरव, आणि दिवाळीला आलास की दोघं मिळून सांगू. तोपर्यंत त्याने काहीच केलं नाही, किंवा धाप वाढली, किंवा वेपमध्ये गांजाबिंजा चालू असल्याचं कळलं, तर मात्र वाट बघू नकोस, सरळ सांग, रागावला तर रागावू दे, नंतर समजून घेईल. वडील तंबाखू खात असतील तर भाऊ तोच मुद्दा काढणार, त्याची तयारी ठेव.

राहिलं ते वेप. ते कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते, दाबली-फुटली तर पेट घेते, ई-वेस्ट घेणाऱ्याकडेच द्या. आणि घरात लहान मूल येत-जात असेल तर तोपर्यंत ते उंचावर कुलपात ठेव, आंब्याचा वास आहे, मूल तोंडात घालेल आणि त्या द्रवाचे थोडे घोटसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. असं काही झालंच तर उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट हॉस्पिटल गाठायचं, डबी सोबत घेऊन.

त्याला मला स्वतः लिहायचं असेल तर लिहू दे, नाव छापणार नाही. बालदम्याचं तेवढं त्याला विचारून कळव, असेल तर डॉक्टरला दाखवणं या आठवड्यातच व्हायला हवं.